रसात साखर

नानांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धुळ्याला गेलो की अजूनही कोणी ना कोणी भेटतं आणि डोळे मिटून, मान डोलावून म्हणतं, "नानांसारखा फळांचा पारखी पुन्हा होणे नाही." मला संताप येतो. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही नानांच्या घरात चार दिवस काढलेले नसतात. मी पाचव्या गल्लीत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू होतो. या पारखी माणसाच्या बायकोला, आमच्या अक्कांना, स्वतःच्या घरात स्वतःच्या आवडीने एक फळ खाता येत नव्हतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे. पारखी म्हणे!

नाना सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडीतल्या कापसात हात खुपसून मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, ओल किती, डागाळलेला कापूस, म्हणजे कवडी, किती ते बघायचं आणि प्रत सांगायची. गाडीवाला समोर हात जोडून उभा. नानांनी सांगितलं की सांगितलं, त्यावर अपील नाही. माणूस स्वच्छ होता, कोणाच्या चहालाही मिंधा झाला नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या शब्दापुढे जन्मभर कोणी बोललं नाही, अशा माणसाला निवृत्त करताना सरकारने त्याच्या घरच्यांना थोडी तरी पूर्वसूचना द्यायला हवी. कापूस सुटला, प्रतवारी सुटली नाही. मग ती फळांवर आली, आणि फळांवरून माणसांवर.

मी मूळचा नगरकडचा. धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो होतो. खोली घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डझनभर केळी घेऊन घरी येत होतो. ओट्यावर पांढरं धोतर आणि बंडी घातलेले नाना बसले होते. त्यांनी नुसता हात पुढे केला. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एखादं केळं मागत असेल. मी फणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून बघितली आणि मांडीवरच ठेवून घेतली.

"केळाले आजून कोपरा शेत," ते अहिराणीत म्हणाले. "भरेल नही. हाई पिकनं नही, नुसतं पिवळं व्हयनं."

केळ्यांच्या कडा अजून गोल झाल्या नव्हत्या म्हणून केळी आत गेली. ज्वारीच्या कोठीत जाऊन बसली. मी दारात उभा. फळ माझं, भूक माझी, आणि हे गृहस्थ मला सांगताहेत की परवा या! परवा केळी परत मिळाली तेव्हा ती अप्रतिम झाली होती, पण मी रागाने ते बोललो नाही. त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं आणि नाना असेपर्यंत चाललं.

त्यांच्या ओट्यावरून तपासणी झाल्याशिवाय घरात फळ जात नसे. टरबूज वाजवायचं, डांगर, म्हणजे आपलं खरबूज, देठाशी हुंगायचं, सीताफळाचे डोळे उघडले की नाही ते बघायचं, मोसंबी तळव्यावर तोलायची. दाबायचं मात्र काहीही नाही. फळ दाबणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. आग्रा रोडवर हातगाड्या लागायच्या, तिथे ते रोज सकाळी फेरी मारत आणि कोणी आंब्यावर अंगठा टेकवला की मागून ओरडत, "कोनी तुमना गाल दाबीसन दखस का, पिकनात का नही ते?" गिऱ्हाईक घाबरून आंबा खाली ठेवून निघून जाई. मग गाडीवाला कपाळाला हात लावी. एक गाडीवाला तर एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "नाना, तुमी लेतस नहीत ते नहीत, मना गिऱ्हाइक काबर पळावतस?" मी त्या गाडीवाल्याच्या बाजूने होतो, आजही आहे. पावडर लावून पिकवलेल्या आंब्यांवरून नाना भांडत तेव्हा मला त्यांचं पटायचं. वरून हळद फासल्यासारखा पिवळा, आत पांढरा खडक, असला आंबा विकणं ही लबाडीच. पण सरळ धंदा करणाऱ्यालाही ते त्याच तोंडाने बोलत. राग करायला त्यांना कारण लागत नसे, नुसतं फळ लागे.

आंबट-गोडाचं त्यांचं एक स्वतंत्र शास्त्र होतं. फोड हातावर ठेवत आणि विचारत, "कुठं लागनं?" गोड आहे का, हा प्रश्न त्यांना बाळबोध वाटे. आंबट जिभेच्या कडेला लागलं पाहिजे, मग मागून गोड आलं पाहिजे, आणि शेवटी पुन्हा किंचित आंबट राहिलं पाहिजे, म्हणजे दुसरी फोड खावीशी वाटते. "नुसतं गोड म्हंजे मढं," ते म्हणत. "आंबटमा जीव शे." मी एकदा लिटमस कागद आणून लिंबाची आम्लता दाखवायला गेलो. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमनी प्रयोगशाळामा कोनले जीभ नही का?" ओट्यावरची मंडळी खो खो हसली. मी कागद खिशात घातला आणि आत गेलो.

या शास्त्रातून एक कायदा निघाला होता. फळात साखर घालायची नाही. रसात नाही, शिकरणात नाही, सरबतातसुद्धा मीठच. रस आंबट निघाला तर आंबट खायचा. "रसमा साकर म्हंजे आंबाना तोंडवर थुकनं," हे नानांचं वाक्य. आणि हा नुसता उपदेश नव्हता. आंब्याचे दिवस आले की साखर स्वयंपाकघरातून नानांच्या कपाटात जाई. चहापुरती ते स्वतः काढून देत. घरात सून आलेली, नातू खेळतो आहे, आणि घरधनीण चहाला साखर मागायला नवऱ्यापुढे वाटी धरून उभी! हे मी सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. त्या वाटीकडे बघून मला कधी हसू आलं नाही.

अक्का सोनगीरजवळच्या एका खेड्यातल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. एकदा नाना फेरीवर गेलेले असताना त्या मागच्या पडवीत कैऱ्या किसत होत्या आणि मी सहज विचारलं, अक्का, तुम्हाला रस कसा आवडतो? त्यांनी आधी ओट्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "माहेरले आमना आंबा निस्ता आंबट. एकच झाड व्हतं. माय रसमा मूठभर साकर टाके, मंग आमी बठ्ठा जन बठूत." किसणीवरचा हात थांबला होता. "तसा रस आते कोठे मिळस भाऊ." एवढंच बोलल्या आणि पुन्हा किसू लागल्या. त्यांचं मागणं एवढंच होतं, माहेरच्यासारखा एक वाटी रस. आणि ते त्यांना मिळत नव्हतं, कारण त्यांच्या नवऱ्याची जीभ फार तयार होती.

नानांच्या बहिणीकडे जळगावला तिच्या मुलाचा साखरपुडा होता. मलाही घेऊन गेले. जेवणात शिकरण होतं. नानांनी वाटीत बोट बुडवलं, चाखलं, आणि भर पंगतीत आवाज चढवला, "केळासना जिल्हामा ऱ्हाईसन केळामा साकर? कोनले सुचनी हाई अक्कल?" आणि पानावरून उठले. व्याही बिचारे धावत आले, हात जोडून उभे राहिले, त्या कापसाच्या गाडीवाल्यांसारखेच. त्यांना वाटलं हुंड्यापांड्याचं काही बिनसलं. मुलीचा मामा तर "असं असेल तर आत्ताच मोकळं करा" म्हणू लागला. एका वाटीभर शिकरणापायी पोरीचं लग्न मोडायला निघालं होतं! बहिणीने पाया पडून नानांना परत बसवलं. मी मात्र पलीकडच्या बायकांच्या पंगतीकडे बघत होतो. या गोंधळात अक्कांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी आपली वाटी संपवली, वाढणारीला खुणावून दुसरी घेतली, तीही संपवली, आणि शेवटी वाटीत बोट फिरवून ते तोंडात घातलं.

परतीच्या एस.टी.त पारोळा येईपर्यंत नाना केळ्यावर बोलत होते. अक्का खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

पण मी खरा पेटलो तो डांगराच्या वेळी. नानांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणत, पारोळ्याला राहत. त्यांच्याकडे काही काम निघालं म्हणून नाना दोन दिवस तिकडे गेले. अक्का बाजारात गेल्या आणि स्वतः निवडून एक डांगर घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतः निवडलेलं हे पहिलं फळ, असं त्यांनीच मला सांगितलं. पिवळ्याधमक सालीचं, देठाशी जरा भेगाळलेलं. सुनेने कापू का विचारलं तर नको म्हणाल्या. त्यासले येऊ द्या, म्हणाल्या. पाटावर ओलं फडकं अंथरून त्यावर ते ठेवलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, अक्का, खाऊन टाका. त्या नुसत्या हसल्या. आपली निवड नवऱ्याने एकदा चाखावी एवढाच त्यांचा हट्ट होता.

नाना आले. डांगर उचललं, देठाशी हुंगलं. "फिकं शे," म्हणाले. ते घेऊन ओटा उतरले आणि समोरच्या गवळ्याच्या म्हशीपुढे टाकलं. म्हशीने ते फोडलं आणि खाल्लं.

मी ओट्यावर आलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. भाडेकरूने बोलू नये ते सगळं बोललो. "नाना, न चाखता? निदान चाखून तरी फेकायचं होतं! तुम्ही कापसाचासुद्धा धागा ताणून बघायचात ना? मग बायकोनं आणलेल्या फळाला तेवढाही मान नाही?" गल्लीत लोक जमले. नाना शांतपणे म्हणाले, "चाखाले काय करानं? वास सांगस ना." तेवढ्यात अक्का दारात आल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, जाऊ द्या," आणि आत जाऊन फडकं धुवायला घेतलं. ते डांगर गोड होतं की फिकं, हे आजतागायत फक्त त्या म्हशीला ठाऊक आहे.

मी नानांशी बोलणं टाकलं. ठरवलं होतं, खोली सोडायची. आणि नेमकी मला कावीळ झाली. अन्नाचा वास नको, पाणी कडू लागे. नाना रोज सकाळी दोन मोसंबी घेऊन येत. किती गाड्या पालथ्या घालून ती निवडलेली असत, देव जाणे. स्वतः सोलत, प्रत्येक फोडीवरचं पांढरं काढत आणि माझ्या तोंडात घालत. मी तोंड फिरवलं तर थांबत, रागावत नसत. "मरेल जीभले आंबट पहिले उठाडस," असं काहीतरी पुटपुटत. आणि खरंच, एके दिवशी जिभेच्या कडेला काहीतरी चमकलं. आंबट. त्याच्यामागून, अगदी सावकाश, गोड. मला रडू आलं. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि "उनी जीभ," आली जीभ, असं म्हणून उठून गेले. असा माणूस! धड राग तरी नीट धरू देईल की नाही? ज्या हातांनी माझ्या फोडी सोलल्या त्याच हातांनी अक्कांचं डांगर म्हशीपुढे टाकलं होतं. हे दोन्ही एकत्र कसं समजून घ्यायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी खोली सोडली नाही.

एका हिवाळ्यात नाना गेले. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी खूप रडलो, तेही सांगून टाकतो.

पुढची आखाजी आली. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, आणि ती पितरांची. वर्षभरात गेलेल्याच्या नावाने नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, आंबे, सांजोऱ्या मांडतात, निखाऱ्यावर घास-तुपाची आगारी टाकतात. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एका पुरुषाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तो पोटभर जेवला की पितर जेवला. तोपर्यंत घरातलं कोणी घास तोंडात घालत नाही.

पितर म्हणून अक्कांनी मला बसवायचं ठरवलं. आबा पारोळ्याहून आले होते. ते भडकले. "भाऊबंद काय मरी ग्यात का? भाडोत्री बसाडशी?" अक्का म्हणाल्या, "त्यासनासंगे रोज कोन भांडे? हाऊच ना? मंग हाऊच बठई. त्यासले बी करमई." अक्कांना इतकं सलग बोलताना आबांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

आदल्या दिवशी अक्का मला आग्रा रोडवर घेऊन गेल्या होत्या. गाडीवर आंब्यांची रास होती. त्यांनी एक आंबा उचलला आणि अंगठ्याने दाबला. मग दुसरा. मग तिसरा. गाडीवाला "अक्का, दाबू नका" म्हणाला. "दाबसू," अक्का म्हणाल्या, "माले तसंच समजस." मी पिशवी धरून उभा होतो. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्याबरोबर एक आंबा दाबून घेतला.

आखाजीला दुपारी मी पाटावर बसलो. पानात पुरणपोळी, सांजोरी, भजी, आणि मोठी वाटी रसाची रिकामी. अक्का रसाचं पातेलं घेऊन आल्या तेवढ्यात आतून त्यांचा मुलगा आला. बायको-पोर इथे ठेवून तो पुण्याला नोकरीला होता. त्याच्या हातात साखरेचं रिकामं पुडकं होतं.

"आई, तू रसात साखर घातलीस?"

अक्का पानाकडे एक पाऊल पुढे आल्या.

"अगं, नानांचं पान आहे हे! नानांना साखर..." त्याचा आवाज फुटला. बापाच्या आठवणीने पोरगं कळवळलं होतं, ते मला दिसत होतं. आबा मात्र तयारच होते. "जनमभर ज्यानी साकर शिवी नही, त्याले आज साकर? पितर पान सोडीसन उठी जाई! उपाशी जाई मना भाऊ!" सून म्हणाली, चार आंबे उरलेत, नानांच्या वाटीपुरता वेगळा रस करते. कोणीतरी म्हणालं, तेच बरं. सगळे बोलत होते आणि अक्का पातेलं धरून मध्ये उभ्या होत्या. पातेलं जड होतं. पातेलं खाली ठेवा, असं एकानेही म्हटलं नाही. तुम्ही साखर का घातलीत, असं एकानेही विचारलं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस गेला, त्याचं सगळं सुतक फिटलं, आणि अजूनही या घरात जीभ एकाचीच? पाटावर मी आहे ना? मग आज नाना मी आहे.

"अक्का, वाढा," मी म्हणालो.

अक्कांनी वाढलं. मी वाटी तोंडाला लावली. खरं सांगतो, रस भयंकर होता. आंबा आंबट निघाला होता, आणि त्याच्यावर साखर अशी चढली होती की आंबटाचा मागमूस नव्हता. नानांनी माझी जीभ पुरती नासवून ठेवलेली. ती कडेला काहीतरी शोधत राहिली आणि तिला काही सापडलं नाही. मनातल्या मनात मी म्हणालो, नाना, आज मुकाट्यानं खायचं. एक शब्द बोलायचा नाही. वाटी रिकामी केली आणि पुढे धरली.

"अजून."

आबा माझ्याकडे बघत राहिले. दुसरी वाटीही मी संपवली. मग रीतीप्रमाणे अक्कांनी विचारलं, "पोट भरनं का?"

"भरलं," मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "नाना म्हणताहेत, असा रस उभ्या जन्मात खाल्ला नव्हता. फार गोड झालाय."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"खोटं नका बोला भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यासना तोंडमाईन असं कधी निंघनं नही."

पितर जेवला होता, आता घर जेवायला मोकळं होतं. पुरुषांची पंगत बसायची होती, आबा पाटाकडे वळलेही होते. अक्का त्यांच्या आधी तिथेच, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. पातेलं ओढलं, वाटी भरली आणि सगळ्यांदेखत, घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, ओठांवरून जीभ फिरवली, जरा विचार केला आणि आबांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "साकर जराखी कमीच पडनी."